रक्तगट बदलता येतो का?

श्रावणातली संध्याकाळ होती. दिवसभर पावसाची रिपरिप चालू असल्याने दवाखान्यात गर्दी बेताचीच होती. जवळच्या वाडीवरचे एक ओळखीचे शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आत आले. मुलगी चौदा वर्षांची, नववीत शिकणारी. अण्णांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, रक्तगट बदलता येतो का? खर्चाचं बघू काहीतरी."

इतक्या वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला होता. कागद शाळेत झालेल्या रक्तगट तपासणी शिबिराचा होता. त्यावर 'ए पॉझिटिव्ह' असे लिहिले होते. मला हसू आले. पण मुलीकडे पाहिले आणि ते ओठांवरच थांबले. ती खाली मान घालून फरशीकडे पाहत होती.

हकिगत अशी. मुलगी पंधराशे मीटर धावते. आदल्या वर्षी तालुक्यात तिचा पहिला नंबर आला होता. यंदा मात्र ती सरावात मागे पडू लागली. दोन फेऱ्या झाल्या की धाप लागे, पाय जड होत. खेळाच्या सरांनी कुठेतरी वाचले होते, की 'ओ' रक्तगटाची माणसे दमदार, पळण्यासाठी जन्मलेली. 'ए' गटाची माणसे नाजूक, त्यांना हलका व्यायामच मानवतो. शिबिराचे कागद हाती आल्यावर सरांनी तिला सांगितले, "यंदा तू धावण्याऐवजी योगासनात नाव दे." त्यात त्यांचा वाईट हेतू मुळीच नव्हता. पण पोर दोन दिवस जेवली नाही, म्हणून बाप तिला घेऊन माझ्याकडे आला होता.

वाचकहो, ही समजूत केवळ एका शाळेपुरती नाही. शिकलेसवरलेले लोकही रक्तगटावरून स्वभाव, आहार आणि खेळ ठरवू लागले आहेत. म्हणून आजचा लेख याच विषयावर.

रक्तगट म्हणजे नेमके काय?

ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०० आणि १९०१ साली रक्तगटांचा शोध लावला. त्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी एकाचे रक्त दुसऱ्याला दिले तर कधी रोगी वाचे, कधी दगावे, आणि कारण कोणालाच कळत नसे.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला एका प्रकारची साखर असेल तर गट 'ए', दुसऱ्या प्रकारची असेल तर 'बी', दोन्ही असतील तर 'एबी', आणि दोन्ही नसतील तर 'ओ'. फरक एवढाच.

आपल्या एसटीचे उदाहरण घ्या. तांबडी पेशी म्हणजे बस समजा. फुप्फुसाच्या स्थानकावर प्राणवायू हा प्रवासी बसमध्ये चढतो आणि स्नायूंच्या स्थानकावर उतरतो. बसमधली बाके म्हणजे हिमोग्लोबिन. आणि रक्तगट म्हणजे बसच्या पत्र्यावरचा रंग. बस लाल आहे की हिरवी, यावरून आत किती माणसे बसतील हे ठरते का? ते ठरते बाकांच्या संख्येवरून.

याचा उत्तम दाखला आपल्या मुंबईतच सापडला. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अतिशय दुर्मिळ रक्तगटाची नोंद केली. त्याला जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. या माणसांच्या तांबड्या पेशींवर 'ए' नसते, 'बी' नसते, आणि ज्यावर ती साखर बसते तो 'एच' नावाचा पायाही नसतो. म्हणजे बसला रंगच नाही! आपल्या देशात दहा हजारांत एखाद्याचा हा गट असतो. रक्त घ्यायची वेळ आली तर त्यांना त्याच गटाचे रक्त लागते, 'ओ' सुद्धा चालत नाही. पण एरवी ही माणसे तुमच्याआमच्यासारखीच धडधाकट असतात. जो रंग अजिबात नसला तरी शरीराचे काम अडत नाही, तो कोणाला धावपटू बनवील कसा?

मग हा समज आला कुठून?

जपानमध्ये ताकेजी फुरुकावा या प्राध्यापकांनी १९२७ साली रक्तगट आणि स्वभाव यांचा संबंध मांडला. पुढे १९७१ साली मासाहिको नोमी या लेखकाच्या पुस्तकाने ही कल्पना तिथे घरोघरी नेली. आपल्याकडे जशी रास विचारतात, तसा तिथे रक्तगट विचारतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानी महिला सॉफ्टबॉल संघाने खेळाडूंचा सराव रक्तगट पाहून आखल्याच्या बातम्याही आल्या होत्या. त्या मुलींनी घाम किती गाळला, हे कोणी विचारले नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो रक्तगट.

दुसरा उगम अमेरिकेतला. पीटर डॅडॅमो या निसर्गोपचारकाचे पुस्तक १९९६ साली आले आणि धडाक्याने खपले. त्यात 'ओ' गटाने मांस खावे आणि जोरकस व्यायाम करावा, 'ए' गटाने शाकाहार घ्यावा आणि योगासनांसारखा शांत व्यायाम करावा, 'बी' गटाने पोहावे किंवा टेनिस खेळावे, असे सांगितले आहे. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी १,४५५ लोकांच्या आहाराची तपासणी करून २०१४ साली निष्कर्ष मांडला. या आहारांपैकी काहींचा फायदा दिसला, पण तो खाणाऱ्याच्या रक्तगटावर अवलंबून नव्हता. भाजीपाला जास्त खाल्ला की 'ओ' गटाच्या माणसालाही गुण येतो.

पुढे मी सरांना भेटलो तेव्हा त्यांच्या खोलीत याच पद्धतीचा तक्ता भिंतीवर लावलेला दिसला. 'बी' गटापुढे लिहिले होते 'पोहणे'. मी म्हटले, "सर, आपल्या गावात तलाव नाही. नदी आहे, पण तिला पाणी चारच महिने. उरलेले आठ महिने 'बी' गटाच्या पोरांनी करायचे काय?" सर दिलखुलास हसले. गृहस्थ मोठे कष्टाळू. पदरमोड करून पोरांसाठी घड्याळ आणणारे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

तालमीतली माझी मोजदाद

कारण एकेकाळी मीही याच मोहात पडलो होतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत गावात रक्तदान शिबिर भरले होते. तालमीतले बरेच पैलवान रक्त द्यायला आले. यादी चाळताना मला दिसले, की त्यांच्यात 'ओ' आणि 'बी' गटांचाच भरणा आहे. मला वाटले, शोध लागला! घरी येऊन वहीत टिपणही केले. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून शिबिरातल्या इतर रक्तदात्यांची यादी पाहिली. त्यात बँकेतले कारकून होते, शिक्षक होते, किराणा दुकानदार होते. त्यांच्यातही 'ओ' आणि 'बी' गटांचाच भरणा होता!

उघडच आहे. आपल्या देशात हे दोनच गट सर्वांत जास्त आढळतात. दर तीन माणसांतली साधारण दोन 'ओ' किंवा 'बी' गटाची असतात. मग पैलवान मोजा, कवी मोजा किंवा तिकिटाच्या रांगेतली माणसे मोजा, उत्तर तेच येणार. दक्षिण अमेरिकेतील मूळचे रहिवासी तर बहुतेक सारेच 'ओ' गटाचे आहेत. 'ओ' गटाने माणूस वेगवान होत असता, तर धावण्याची सारी पदके त्यांच्याच घरी गेली असती.

खरे-खोटे दोन्ही सांगायला हवे. रक्तगट आणि खेळ यांवर काही छोटे अभ्यास झाले आहेत. इटलीत २०१७ साली पन्नासच्या आसपास हौशी धावपटूंच्या पाहणीत 'ओ' गटाचे लोक काहीसे पुढे दिसले. पण एवढ्याशा संख्येवरून नियम बांधता येत नाही. आणि समजा, पुढे कधी बारीकसा फरक सिद्ध झालाच, तरी तो गटाच्या सरासरीचा असेल. त्यावरून समोर उभ्या असलेल्या एका मुलीचे भविष्य सांगता येणार नाही.

रक्तगटाचा आरोग्याशी काहीच संबंध नाही, असेही नव्हे. 'ओ' सोडून इतर गटांच्या लोकांत रक्त गोठवणारा एक घटक थोडा जास्त असतो, त्यामुळे शिरांत गुठळी होण्याची शक्यता किंचित वाढते. 'ओ' गटात पोटातल्या व्रणाचे प्रमाण थोडे अधिक आढळते. 'ए' गटात जठराच्या कर्करोगाचे. हे फरक डॉक्टरांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. मुलांना मैदानातून उठवण्याजोगे नाहीत.

खरे मोल बाकांचे

त्या संध्याकाळी मी मुलीला जवळ बोलावले. खालची पापणी ओढून पाहिली, ती पांढुरकी होती. जीभ फिकट, नखे फिकट. पाळी सुरू होऊन वर्ष झाले होते आणि अंगावरून बरेच जात होते. दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन साडेआठ ग्रॅम. तिच्या वयाला ते निदान बारा ग्रॅम तरी हवे.

आता थोडा हिशेब करू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. तेरा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या मुलीच्या शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे साडेसतरा मिलिलिटर प्राणवायू मावतो. साडेआठ ग्रॅमवाल्या मुलीच्या रक्तात मावतो जेमतेम साडेअकरा. म्हणजे एक तृतीयांश प्रवासी स्थानकावरच राहिले! वर्गात बसून गणित सोडवताना हे फारसे जाणवत नाही, कारण तेव्हा स्नायूंची मागणीच कमी असते. पण धावताना ती मागणी कित्येक पटींनी वाढते. हृदय जोराने फेऱ्या मारते, बसगाड्या भरधाव सुटतात, पण आत बाकेच नाहीत. मग धाप लागते, पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि आपण म्हणतो, पोरीच्या अंगात दम नाही.

बाके जास्त असली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. फिनलंडचा ईरो मँटिरांटा हा बर्फावरून घसरपट्टीने लांब अंतर कापणारा खेळाडू. १९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने १५ आणि ३० किलोमीटर अशा दोन्ही शर्यतींत सुवर्णपदक जिंकले. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी इतक्या जास्त होत्या, की लोकांना संशय येई. पुढे १९९३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या कुटुंबाची तपासणी प्रसिद्ध केली. त्या घराण्यात एका जनुकात जन्मजात बदल आढळला. त्यामुळे शरीर तांबड्या पेशी जरुरीपेक्षा जास्त बनवत होते. हा बदल रक्तगटाच्या जनुकातला नव्हता.

तांबड्या पेशी बनवण्याची आज्ञा देणारे एक संप्रेरक आपल्या मूत्रपिंडात तयार होते. समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी हवा विरळ असल्याने ते जास्त तयार होते. केनियातील इटेन हे धावपटूंचे प्रसिद्ध गाव सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे, यात नवल नाही. अर्थात तिथल्या मुलांचे यश केवळ रक्तात नाही, वर्षानुवर्षांच्या सरावातही आहे. हेच संप्रेरक इंजेक्शनाने चोरून टोचून घेणारे खेळाडूही निघाले. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे २०१२ साली काढून घेण्यात आली आणि २०१३ च्या जानेवारीत त्याने चोरी कबूल केली. अशा इंजेक्शनांनी रक्त दाट होऊन जिवावर बेतू शकते. पण एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. फसवणूक करणाऱ्यांनीसुद्धा हिमोग्लोबिनच वाढवले. रक्तगटाच्या मागे कोणी लागले नाही.

चूक माझीही होती

त्या रात्री मी मुलीचा जुना कागद काढून पाहिला. सहा महिन्यांपूर्वी तिची आई तिला चक्कर येते म्हणून घेऊन आली होती. तेव्हा दवाखाना भरलेला होता. मी घाईने शक्तीचे औषध लिहून दिले, पापणी ओढून पाहिली नाही. सरांनी तक्ता पाहून निदान केले, मी न पाहताच केले. दोघांत फरक तो काय?

देशपातळीवरचे चित्रही काळजीचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. १५ ते १९ वर्षांच्या मुलींत तर ५९ टक्के. निम्म्याहून अधिक मुली बाके काढलेल्या बसमधून आयुष्याची शर्यत धावत आहेत.

मी मुलीला विचारले, "बाळ, शाळेत लोहाची निळी गोळी मिळते ना दर आठवड्याला?" तिने बापाकडे चोरून पाहिले आणि हळूच सांगितले, "मळमळतं काका. आम्ही सगळ्या खिडकीतून टाकून देतो." मी तिला समजावले. गोळी जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. शौचास काळे झाले तर घाबरू नये, ते लोहामुळेच होते. तिला जंताचे औषध दिले, पूर्ण मात्रेत लोहाचा उपचार सुरू केला. जेवणाला लागून चहा घेण्याची घरातली सवय बंद करायला सांगितली, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. पालेभाजी, बाजरी, कडधान्ये, अळीव, आणि वर लिंबू पिळायला विसरायचे नाही. पाळीच्या तक्रारीसाठी तिला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवले.

त्या वर्षीच्या तालुका स्पर्धा तिला मुकाव्या लागल्या. हिमोग्लोबिन एका रात्रीत वाढत नसते. तीन महिन्यांनी ते पावणेबारावर आले. त्यानंतरही आम्ही गोळ्या आणखी काही महिने चालू ठेवल्या, कारण शरीराचा लोहाचा साठाही भरावा लागतो. पुढल्या वर्षी ती पुन्हा धावली. पहिली नाही आली, तिसरी आली. पण शर्यत संपल्यावर ती वाकून धापा टाकत बसली नाही, चालत आमच्यापर्यंत आली. सरांच्या खोलीतला तक्ता आता निघाला आहे. त्या जागी मुलांच्या हिमोग्लोबिनची नोंदवही टांगलेली असते.

पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी एवढे जरूर करावे

मूल खेळात अचानक मागे पडू लागले, लवकर दमू लागले, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. आळशी म्हणून रागावू नका.

मुलींची पाळी सुरू झाल्यावर ही तपासणी वर्षातून एकदा तरी करावी. मुलांनाही रक्तक्षय होतो, हे विसरू नये.

लोहाच्या मोठ्या मात्रा मनाने घेऊ नयेत. विशेषतः नंदुरबार, गडचिरोली अशा भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तिथे रक्तक्षयाचे कारण वेगळे असू शकते. सिकलसेलचे वाहक असलेली मुले खेळू शकतात. मात्र कडक उन्हात, पाणी न पिता, शरीर ताणेपर्यंत धावणे त्यांना धोक्याचे ठरू शकते. ही गोष्ट प्रशिक्षकाला माहीत असलीच पाहिजे.

अठरा वर्षांवरील खेळाडूंनी रक्तदान जरूर करावे, पण स्पर्धेच्या तोंडावर नको. कमी झालेले हिमोग्लोबिन भरून यायला काही आठवडे लागतात.

आणि रक्तगट? तो ओळखपत्रावर ठळक लिहून ठेवावा. अपघातात, शस्त्रक्रियेत, रक्तदानात तो जीव वाचवतो. त्याचे काम तेवढेच, आणि ते काम लहान नाही.

ज्या १९५२ साली मुंबईत त्या दुर्मिळ रक्तगटाची नोंद झाली, त्याच साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली होती. वर्गणी देताना त्यांचा रक्तगट कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

जन्माने चिकटलेल्या खुणेवरून माणसाची पात्रता ठरवण्याची खोड आपल्याकडे जुनीच आहे. तिच्यात आणखी एका खुणेची भर नको. अण्णांना मी त्या संध्याकाळी सांगितले, तेच वाचकांना सांगतो. रक्तगट बदलता येत नाही आणि बदलायची गरजही नाही. हिमोग्लोबिन मात्र वाढवता येते. त्याला फार खर्चही येत नाही.